यादीबाहेरचा गेम बॉय

जुना गेम बॉय हाती लागला की माणूस पहिला प्रश्न विचारतो, “यावर काय खेळू?” उत्तर देणाऱ्यांची कमतरता नाही, आणि उत्तरंही जवळजवळ सारखीच असतात. ‘टेट्रिस’, ‘पोकेमॉन’, झेल्डा मालिकेतला ‘लिंक्स अवेकनिंग’, ‘सुपर मारिओ लँड’चे दोन भाग, ‘कर्बी’, ‘मेट्रॉइड’चा दुसरा भाग. फार तर पंधरा नावं. या यंत्रासाठी हजाराहून अधिक गेम निघाले. बाकीच्यांचं काय झालं, असं कुणी विचारत नाही, कारण विचारायला त्यांची नावं तरी माहीत हवीत.

अशा याद्या मीही देत आले आहे. पुस्तकांच्या बाबतीत त्या निरुपद्रवी असतात. यादीत नसलेलं पुस्तक वाचनालयाच्या फडताळात धूळ खात का होईना, असतं. गेमचं तसं नाही. यादीत असलेला गेम कंपनी पुन्हा बाजारात आणते, त्याच्या कॅसेटला भाव येतो, म्हणून ती कुणी जपतं, दुरुस्त करतं. यादीत नसलेली कॅसेट ड्रॉवरमध्ये पडून राहते आणि आतला सेल संपत जातो. (कार्ट्रिज म्हणायला हवं, पण आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे, मीही तेच म्हणणार.)

गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई १९६५ साली क्योटोच्या निन्टेंडो कंपनीत लागले, तेव्हा ती कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापत असे. योकोईंचं काम पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायचं. रिकाम्या वेळात त्यांनी कात्रीसारखा लांब होणारा एक खेळण्यातला हात बनवला. मालक हिरोशी यामाउचींची त्याच्यावर नजर पडली आणि १९६६ मध्ये तो ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आला. दहा लाखांहून जास्त खपला. पत्त्यांच्या कारखान्यातला देखभालवाला असा खेळण्यांचा कारागीर झाला.

त्यांचं एक सूत्र गेमच्या इतिहासात फार प्रसिद्ध आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर ‘वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ अशा अर्थाचं होतं. पण जपानी शब्दाची छटा वाळून गेलेल्या पानाची नाही. ज्याचे सगळे गुणदोष कळून चुकलेत, जे स्वस्त झालंय आणि दगा देत नाही, असं तंत्रज्ञान त्यांना अभिप्रेत होतं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : मुरलेलं. लोणच्यासारखं. मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते कुणी वापरलं नसेल अशा ठिकाणी वापरायचं.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येनला विक्रीला आलेला गेम बॉय या सूत्राचा शुद्ध नमुना होता. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, त्यावर हिरवट रंगाच्या चार छटा. पडद्यामागे दिवा नाही. काम करायला आठ किलोबाइट स्मृती. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत पडदा होता आणि मागून उजेडही. पुढच्या वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरलाही तसंच. दुकानात तिन्ही शेजारी ठेवले, तर गेम बॉय गरीब नातेवाइकासारखा दिसायचा. पण लिंक्स आणि गेम गिअर सहा पेन्सिल सेल खाऊन चारपाच तासांत मान टाकायचे आणि गेम बॉय चार सेलवर सहज दहाबारा तास चालायचा. पोराच्या खिशातल्या पैशांचा हिशेब योकोईंना बरोबर कळला होता. गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले.

शिफारस करताना लोक विसरतात तो मुद्दा या पडद्याचा. त्यावर वेगाने सरकणारी गोष्ट पुसट होते, मागे शेपूट सोडते. त्यामुळे गेम बॉयवर चांगला होणारा गेम बहुधा असा असतो, ज्यात पार्श्वभूमी स्थिर आहे, हलणारी वस्तू एकदोनच आहेत आणि विचार करायला वेळ आहे. मोठ्या यंत्रावरचा गाजलेला धावपळीचा गेम आक्रसून इथे आणला, की तो पाहणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. आज फोनवर किंवा संगणकावर स्वच्छ पडद्यावर हे गेम खेळणाऱ्याला हा फरक जाणवतच नाही. मग ‘हा इतका संथ का?’ म्हणून तो नेमके चांगले गेम बाजूला टाकतो.

‘टेट्रिस’ या पडद्यासाठीच बनल्यासारखा वाटतो. तसा तो बनलेला नव्हता. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव यांनी तो १९८४ मध्ये लिहिला, तो ‘एलेक्ट्रॉनिका ६०’ नावाच्या संगणकावर, ज्याच्या पडद्यावर फक्त अक्षरं उमटायची. गेम बॉयपर्यंत तो पोचला तो एका शिफारशीमुळे. जपानमध्ये गेमचा धंदा करणारे हेंक रॉजर्स यांनी निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना सांगितलं की, लहान मुलग्यांनाच यंत्र विकायचं असेल तर सोबत मारिओ द्या, सगळ्यांना विकायचं असेल तर टेट्रिस द्या. मग फेब्रुवारी १९८९ मध्ये रॉजर्स पर्यटकाच्या व्हिसावर मॉस्कोला गेले, सरकारी कंपनी ‘एलोर्ग’च्या दारात न बोलावता उभे राहिले आणि हॅण्डहेल्डचे हक्क घेऊन आले. अमेरिकेत टेट्रिस यंत्राच्या खोक्यातच मिळू लागला. सुमारे साडेतीन कोटी प्रती गेल्या. पाजितनोवना त्यातलं काही मिळालं नाही. त्यांना स्वतःच्या गेमचं मानधन सुरू झालं ते १९९६ पासून.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत गेम बॉय आलाच नाही. आला तो ‘९९९९ इन १’ असं छातीठोकपणे लिहिलेला चिनी बनावटीचा ब्रिक गेम. कॅसेट नाही, काळे चौकोन, आणि आतले गेम मोजायला बसलात तर पंधरावीसच्या पुढे क्वचित जायचे. त्यातला मुख्य गेम टेट्रिसच. एसटीच्या प्रवासात तो खेळलेल्या पिढीला पाजितनोव हे नाव कधी ऐकावं लागलं नाही.

आता माझ्या शिफारशी. आधी १९९४ चा ‘डाँकी काँग’. सुरुवातीला तो १९८१ च्या आर्केड गेमचे चार टप्पे निमूटपणे खेळायला देतो. चौथा संपला की वाटतं, झालं. तेवढ्यात माकड पुन्हा उठतं, पोरीला उचलून पळतं आणि पुढे आणखी ९७ टप्पे उलगडतात. प्रत्येक टप्पा दोनचार मिनिटांचा, किल्ली उचलायची आणि दारापर्यंत न्यायची. बसथांब्यावर खेळण्याच्या यंत्राचं मर्म याच्याइतकं फार थोड्या गेमना कळलं असेल.

दुसरा, डिसेंबर १९८९ चा स्क्वेअर कंपनीचा ‘सागा’. पश्चिमेत त्याला ‘फायनल फँटसी लेजंड’ असं उसनं नाव दिलं गेलं. अकितोशी कावाझू यांच्या या गेममध्ये तलवार ठरावीक वारांनंतर मोडते, राक्षस मांस खाऊन रूप बदलतात आणि उत्परिवर्तित माणसं आपल्याच मर्जीने बळावतात. अन्यायकारक आहे, चिडचिड होते, आणि तरी सोडवत नाही. कुठेही, कधीही गेम साठवता येतो, जे त्या काळी दुर्मीळ होतं. शेवटी गाठ पडते थेट विश्वनिर्मात्याशी. एका चुकलेल्या सूत्रामुळे त्याला करवतीच्या एका घावात मारता येतं. ईश्वराचा असा अंत कुठल्या तत्त्वज्ञाने कल्पिला नसेल.

तिसऱ्याची शिफारस खेळण्यासाठी नाही, बघण्यासाठी. १९९२ चा ‘एक्स’ फक्त जपानमध्ये निघाला. ब्रिटनच्या आर्गोनॉट कंपनीतल्या विशीच्या आसपासच्या पोरांनी चार छटांच्या या यंत्रावर रेषांची त्रिमिती उभी केली आणि तुम्ही रणगाडा घेऊन तिच्यात फिरता. अर्ध्या तासात कंटाळा येतो, हे कबूल. पण याच मंडळींबरोबरच्या कामातून १९९३ चा ‘स्टार फॉक्स’ आला. त्या गेमला इतिहासात जागा आहे, या कॅसेटला नाही.

संग्रहाविषयी बोलायचं, तर ‘पोकेमॉन’ला वळसा घालता येत नाही, कारण तो गेम स्वतःच संग्राहकांबद्दल आहे. सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. दोन गेम बॉय जोडणारी तार पहिल्यापासून होती, पण ती एकमेकांशी लढायला वापरली जायची. त्या तारेवरून एक किडा या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत चाललाय, असं ताजिरींना दिसलं. सहा वर्षं खपून त्यांनी गेम पुरा केला आणि २७ फेब्रुवारी १९९६ ला तो ‘लाल’ आणि ‘हिरवा’ अशा दोन कॅसेटींत आला. काही प्राणी एकीत, काही दुसरीत. एकट्याने संग्रह पुरा होणं अशक्य होतं, देवाणघेवाण करावीच लागायची.

तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा, धंद्याच्या भाषेत म्हातारा झाला होता. गेमचा खप जाहिरातीने नाही, तोंडोतोंडी वाढत गेला. त्यात एका गुपिताचा मोठा वाटा होता. गेम पूर्ण होत आला, तेव्हा तपासणीची साधनं काढून टाकल्यावर कॅसेटमध्ये सुमारे तीनशे बाइट जागा उरली. प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तिथे ‘म्यू’ नावाचा १५१ वा प्राणी दडवला. सरळ मार्गाने तो मिळतच नसे. पोरांमध्ये कुजबुज पसरली. मग ‘कोरोकोरो’ मासिकाने वीस वाचकांना म्यू द्यायची स्पर्धा जाहीर केली आणि ७८ हजारांच्या आसपास अर्ज आले. तीनशे बाइट म्हणजे या लेखातली दोनतीन वाक्यं.

या कॅसेटींमध्ये तुमची प्रगती साठवणारी स्मृती घड्याळातल्यासारख्या एका चपट्या सेलवर जिवंत असते. तो संपला की गेम शाबूत राहतो, पण आतलं नाव, पकडलेले प्राणी, तासांची नोंद, सगळं जातं. बरेचसे सेल पंचवीसतीस वर्षांचे झालेत. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून ते आधी मेले. मी वापरलेली कॅसेट घेते तेव्हा आधी तिच्यातला जुना खेळ उघडून बघते. एकीत कुणीतरी शंभर तासांहून जास्त खेळून सगळ्या प्राण्यांना घरातल्या माणसांची नावं दिली होती, एकाला नुसतं ‘आजी’. ते वाचून यंत्रावर उतरवून घेतलं, मगच सोल्डरिंगची पिन तापवली. सेल बदलताना स्मृती पुसली जाते. बहुतेक दुकानदार ती न बघताच पुसतात, आणि कॅसेट ‘नव्यासारखी’ म्हणून विकतात.

नकली मालाबद्दल एवढंच सांगते : लेबलावर दाबून उमटवलेला बारीक आकडा शोधा आणि जमलं तर उघडून आतला सर्किट बोर्ड बघा. यंत्र सुरू होताना निन्टेंडोचं नाव वरून खाली सरकतं, ते कॅसेटमधून वाचलेलं असतं. यंत्र ते आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून बघतं आणि जुळलं नाही तर तिथेच थांबतं. पण नकली बनवणारेही ते ४८ बाइट इमानदारीने उतरवतात, त्यामुळे नाव दिसलं म्हणजे माल खरा, असं नाही.

कायदेशीर वाट किती अरुंद झालीय, ते जुलै २०२३ मध्ये ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने मोजलं. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. गेम बॉय घराण्यातले मिळणारे गेम ५.८७ टक्के. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोचं थ्रीडीएसचं दुकान बंद झालं, जिथे यातले बरेच गेम विकत घेता यायचे. आता काही गेम मासिक वर्गणीवर खेळता येतात, वर्गणी असेपर्यंत, आणि तिथली निवड पाहिली तर बरीचशी त्याच पंधरा नावांची. संशोधकांना ग्रंथालयातून असे गेम दुरून वापरता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. तेव्हा उरलेल्या चौऱ्याण्णव टक्क्यांची रखवाली सध्या ड्रॉवरवाल्यांकडेच आहे.

मी हल्ली विचारणाऱ्याला ‘लिंक्स अवेकनिंग’च आधी देते, यादीत आहे म्हणून नव्हे. त्यात रिचर्ड नावाचा एक राजपुत्र भेटतो. नोकरांनी बंड करून त्याला किल्ल्यातून हाकललंय आणि तो एका वाड्यात लपून बसलाय. पश्चिमेतल्या लाखो पोरांनी त्याला पाच सोनेरी पानं आणून दिली आणि ती पुढे निघून गेली. हा रिचर्ड मूळचा १९९२ च्या ‘बेडकासाठी घंटा वाजते’ अशा नावाच्या गेममधला. तो गेम जपानबाहेर अधिकृतपणे आला नाही. २०११ मध्ये हौशी लोकांनी त्याचं फुकटात इंग्रजी भाषांतर केलं. वाड्यात वाजणारी धूनही तिथलीच आहे. रिचर्डपाशी पोचलात की कळवा, मग दुसरी कॅसेट देते.