सायकल स्पर्धेत सुरक्षा पथकाचे स्वयंसेवक व्हायचंय? काम काय असतं आणि कायदा काय सांगतो

थंडी पडली की महाराष्ट्रात सायकलींचा हंगाम सुरू होतो. शहरातल्या रविवारच्या सायकल रॅलीपासून थेट आंतरराष्ट्रीय शर्यतीपर्यंत सगळं याच तीन-चार महिन्यांत असतं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली 'पुणे ग्रँड टूर' ही ४३७ किलोमीटरची शर्यत जागतिक सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या २.२ दर्जाची होती. अशा कार्यक्रमांना सायकलपटूंपेक्षा जास्त गरज रस्त्यावर उभं राहणाऱ्या माणसांची असते. आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली रक्तदान शिबिरात, पूर आला की मदतकार्यात पुढे असतात. या कामात मात्र त्यांची संख्या अजून कमी दिसते. एक कारण माहितीचा अभाव. दुसरं कारण घरातल्या मोठ्यांना माहीत आहे: "अपघातात पडू नकोस, पोलिसांचं लफडं मागे लागेल."

आधी काम समजून घेऊ.

शर्यतीत सगळ्यात पुढे लाल झेंड्याची गाडी असते आणि सगळ्यात शेवटी हिरव्या झेंड्याची. या दोन गाड्यांच्या मधला रस्ता शर्यतीचा. चौकात उभ्या असलेल्या मार्शलने एवढं पक्कं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. बहुतेक गडबड होते ती पहिला घोळका निघून गेल्यावर. लोकांना वाटतं संपलं, आणि कुणीतरी मोटारसायकल आत घालतं. मागे पडलेले सायकलपटू अजून यायचे असतात. हिरवा झेंडा जाईपर्यंत जागा सोडायची नाही.

सपाट रस्त्यावर घोळका ताशी ४०-५० किलोमीटरने येतो. मागच्या सायकलपटूला समोर फक्त पाठी दिसतात, दुभाजक किंवा गतिरोधक दिसत नाही. म्हणून अडथळ्याच्या आधी उभं राहून पिवळा झेंडा हलवायचा आणि जोरात, लांब शिट्टी वाजवायची. झेंडा नुसता हातात धरून मोबाइलवर व्हिडिओ काढणारे मार्शलही दिसतात. त्यांच्यापेक्षा तिथे कुणी नसलेलं बरं. रस्त्यात पडलेली पाण्याची बाटली उचलायला घोळक्यासमोर धावणं हाही तसाच धोका.

रस्त्यावरची त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग, हे आपण लहानपणी मकतबमध्ये शिकतो. इथे ते अक्षरशः करावं लागतं. शर्यतीच्या आधी वळणावरची खडी आणि वाळू झाडूने काढणं हे सुरक्षा पथकाचं कदाचित सगळ्यात उपयोगी काम आहे. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

वाहतूक थांबवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, स्वयंसेवकाचा नाही. कुणी ऐकलंच नाही तर हँडल पकडायचं नाही, हुज्जत घालायची नाही. शिट्टी वाजवून सायकलपटूंना सावध करायचं आणि शेजारच्या पोलिसाला सांगायचं. कुणी दवाखान्यात निघालं असेल तर ताबडतोब पथकप्रमुखाला कळवून वाट काढून द्यायची.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राईडचं गणित वेगळं. ती शर्यत नसते, रस्ता बंद नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. सायकलपटूने स्वतःच्या बळावर जायचं, मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर भेटू शकते. स्वयंसेवक सुरुवातीला दिवे, हेल्मेट आणि रेडिअमचं जॅकेट तपासतात, कंट्रोलवर कार्डावर शिक्का मारतात. शिक्का मारताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं, हे खरं काम. ६०० च्या राईडमध्ये पहाटेच्या सुमाराला मोठा धोका झोपेचा असतो. बोलताना अडखळणाऱ्याला चहा देऊन, "भाई, वीस मिनिटं पड, मी उठवतो" एवढं सांगितलं तरी पुरतं.

कुणी पडलंच तर? आधी मागून येणाऱ्यांना थांबवा, नाहीतर एकाचे चार होतात. एकाने ५० पावलं मागे जाऊन इशारा द्यायचा, दुसऱ्याने जखमीजवळ बसायचं. मानेला मार असल्याची शंका असेल तर उचलू नका, हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. जबर मार असेल तर पाणी पाजू नका. आपल्याकडे पहिली धाव पाण्याच्या बाटलीकडे असते, म्हणून मुद्दाम सांगितलं. डोक्याला मार लागलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणत उठतो. त्याला नाव, गाव, दिवस विचारा. तोच तोच प्रश्न विचारत असेल किंवा गोंधळलेला वाटला, तर कितीही चिडला तरी परत सायकलवर बसू देऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा. हे वाचून येत नाही. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचा प्रथमोपचार वर्ग करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

आता पोलिसांची भीती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. मोटार वाहनाचा संबंध असलेल्या अपघातात निस्वार्थपणे, सद्हेतूने मदत करणाऱ्यावर, जखमीचं पुढे काही बरंवाईट झालं तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही. २०२० च्या नियमांत आणखी स्पष्ट लिहिलंय: अशा मदतगाराला धर्म, जात, राष्ट्रीयत्व किंवा लिंग यावरून भेदभाव न करता सन्मानाने वागवायचं. नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलं, तर जबाब तुमच्या सोयीच्या जागी, घरी किंवा कामाच्या ठिकाणी घेता येतो, आणि अधिकाऱ्याने साध्या कपड्यांत यायचं असतं. हे हक्क सांगणारी सनद रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. कागदावरचा कायदा आणि ठाण्यातला अनुभव यांत अंतर असू शकतं, हे वाचकांना सांगायला नको. पण कलमाचा आकडा तोंडपाठ असला की बोलण्याचा सूर बदलतो, समोरच्याचाही.

घरच्यांचे नेहमीचे प्रश्न राहिले. नमाजचं काय? पहाटेच्या कार्यक्रमात फजरच्या वेळी स्वयंसेवकांना जागेवर पोचायचं असतं. नाव नोंदवतानाच वेळ सांगितली तर आयोजक ड्युटीची जोडी लावून देतात. ऐनवेळी चौक सोडून जाणं मात्र चालणार नाही. शर्यतीचा टप्पा शुक्रवारी असेल तर जुम्याचंही आधीच ठरवा. रमजान सध्या फेब्रुवारीच्या आसपास, म्हणजे ऐन हंगामात येतोय. रोजा असेल तर दुपारच्या उन्हातला चौक मागून घेऊ नका. कंट्रोलचं टेबल, नोंदी, वायरलेस ही कामं तेवढीच गरजेची आहेत.

मुलींना या पथकात खास मागणी असते. महिला सायकलपटू पडली की तिला हाताळायला बाईमाणूस हवं असतं. हिजाबची अडचण येत नाही. मोटारसायकलवर ड्युटी असेल तर हेल्मेटखाली पातळ, बिनपिनेचा स्कार्फ बांधावा, म्हणजे हेल्मेट नीट बसतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना चौकात उभं करू नये, पाणीवाटपाला द्यावं. आयोजक तसं करत नसतील तर आई-वडिलांनी सरळ नाही म्हणावं.

जवळच्या सायकल क्लबकडे साधारण महिनाभर आधी नाव द्या आणि आदल्या दिवशीची बैठक चुकवू नका. तिथे तीन गोष्टी विचारून घ्या: पथकप्रमुखाचा नंबर, सगळ्यात जवळचं रुग्णालय आणि स्वयंसेवकांचा विमा आहे की नाही. सोबत शिट्टी, टोपी, ओळखपत्र, पॉवर बँक आणि घरचा डबा ठेवा. आयोजकांचा नाश्ता चौकापर्यंत पोचेलच असं नाही.