अनवाणी चालणे आणि ‘अर्थिंग’ : फायदा कोणता, धोका कोणाला

दव पडलेल्या गवतावर सकाळी अनवाणी चालावे, असे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी पूर्वीपासून सांगत आली आहेत. हीच गोष्ट आता ‘अर्थिंग’ किंवा ‘ग्राउंडिंग’ या नावाने मोबाईलवर फिरत असते. रक्तदाब उतरतो, झोप लागते, साखर आटोक्यात येते, असे दावेही तिच्यासोबत येतात. बेळगाव आणि परिसरातील आपले अनेक ज्येष्ठ सभासद रोज सकाळी फिरायला जातात. त्यांपैकी काहींना मधुमेह आहे. म्हणून या विषयाची नीट माहिती असणे गरजेचे आहे.

कल्पना कुठून आली?

जर्मनीतील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) आपल्या जलोपचारात ओल्या गवतावर अनवाणी चालायला सांगत. त्यांच्यानंतर अडॉल्फ युस्ट यांनी मातीच्या उपचारांचा पुरस्कार केला. युस्ट यांचे पुस्तक वाचून महात्मा गांधींनी पोटावर मातीची पट्टी ठेवण्याचे प्रयोग केले. त्याची हकीकत त्यांच्या आत्मकथेत आहे. पुढे १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे गांधीजींनी निसर्गोपचार केंद्र सुरू केले.

आजचे ‘अर्थिंग’ मात्र अमेरिकेतून आले. केबल टीव्हीच्या व्यवसायातील क्लिंट ओबर यांनी ते लोकप्रिय केले. त्यांचे सहलेखकांसह लिहिलेले पुस्तक २०१० साली आले. जमिनीतील इलेक्ट्रॉन तळव्यांतून शरीरात येतात आणि सूज निर्माण करणारी मुक्त मूलके निष्प्रभ करतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

दाव्याला आधार किती?

अनवाणी माणूस जमिनीवर उभा राहिला की अंगावरील स्थिर विद्युतभार जमिनीत उतरतो. हे खरे आहे, पण ते क्षणात घडते. त्यातून रोग बरे होतात, हे सिद्ध झालेले नाही. या विषयावरचे अभ्यास फार छोटे आहेत. वारंवार सांगितला जाणारा २००४ सालचा झोपेविषयीचा अभ्यास अवघ्या १२ जणांवर झाला होता. शिवाय काही अभ्यासकांचे अर्थिंगच्या वस्तू विकणाऱ्या व्यवसायाशी आर्थिक संबंध होते.

सकाळी बागेत चालून आल्यावर बरे वाटते, यात शंका नाही. पण त्यात चालण्याचा, मोकळ्या हवेचा, उन्हाचा आणि सोबतीच्या गप्पांचाही वाटा असतो. तो पायात चपला असतानाही मिळतो. त्यामुळे अनवाणी चालतो म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी कमी करणे चुकीचे आहे.

खरा फायदा पायांना

तळव्यांत स्पर्श आणि दाब ओळखणाऱ्या नसांची टोके असतात. अनवाणी चालताना जमिनीचा चढउतार त्यांना कळतो, तोल सावरायला मदत होते आणि पायाचे लहान स्नायू कामाला लागतात.

लहान मुलांबाबत तर आपल्याच राज्यातला पुरावा आहे. मणिपाल येथील डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पायांची पाहणी करून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्या मुलांत २.८ टक्के आढळले. म्हणून मुलांना घरात, अंगणात आणि स्वच्छ मातीत अनवाणी खेळू द्यावे.

आयुर्वेद काय सांगतो?

‘आपल्या शास्त्रात अनवाणी राहायलाच सांगितले आहे’, असे पुष्कळदा ऐकू येते. प्रत्यक्षात चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, पादत्राणे वापरण्याचे गुण सांगितले आहेत. तिथेच तळव्यांना तेल चोळण्याचे, म्हणजे पादाभ्यंगाचेही महत्त्व सांगितले आहे.

अनवाणी कोणी चालू नये?

मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होऊ शकतात. काटा रुतला, काच लागली, चटका बसला तरी कळत नाही. रक्तपुरवठा कमी असल्यास जखम भरत नाही, चिघळते आणि काही वेळा बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. म्हणून बधिरपणा असलेल्या मधुमेहींनी घरातसुद्धा अनवाणी चालू नये. बधिरपणा आहे की नाही, हे स्वतःला नेहमी समजतेच असे नाही. डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून काही मिनिटांत तपासतात. ही तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी.

अशा पायांना कडक तळाची, अंगठ्याची चप्पलही चालत नाही. अथणी आणि निपाणीकडे बनणाऱ्या कोल्हापुरी चपलेचा आपल्याला अभिमान आहे, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी बधिर पायांसाठी मऊ एमसीआर तळाची, मागे पट्टा असलेली चप्पलच घ्यावी.

नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत अनेक घरांत पाळले जाते. मधुमेह असलेल्यांनी हे व्रत डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. देवळात दुपारी तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा टाळावी, सकाळी किंवा संध्याकाळी मोजे घालून जावे.

चालायचेच असेल तर

- जागा ओळखीची आणि स्वच्छ असावी. नुकतीच औषधफवारणी झालेल्या गवतावर जाऊ नये.
- जिथे उघड्यावर शौच होते, तिथल्या ओल्या मातीत अंकुशकृमींच्या अळ्या असू शकतात. त्या तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि पुढे रक्तक्षय होतो.
- पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नये. पायाला जखम असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो.
- धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, ते पाहून ठेवावे.
- सुरुवात दहा मिनिटांपासून करावी. टाचदुखी असल्यास थांबावे.
- घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे.
- तळव्यांना तेल लावले तर लगेच फरशीवर चालू नये.
- घरातील प्लगच्या अर्थिंगला जोडायच्या चटया घेऊ नयेत. वायरिंग सदोष असल्यास त्या घातक ठरू शकतात. विजा चमकत असताना मोकळ्या मैदानात थांबू नये.

निरोगी पायांना मातीचा स्पर्श जरूर मिळावा. पण घरातील कोणी मधुमेही माणूस उद्यापासून अनवाणी चालणार असेल, तर आधी त्यांच्या तळव्यांची तपासणी करून घ्यावी.