वेताळ, ठग आणि हिंगोलीची छावणी

दिवेलागणीनंतर भुताखेतांची पुस्तके वाचू नयेत, असे घरातील वडील माणसे सांगत आली, आणि घरातील तरुण मंडळी नेमकी त्याच वेळी ती वाचीत आली. त्यातून रक्तपिपासू पिशाचाच्या दंतकथेस इतिहासाची व साहसाची जोड मिळाली, म्हणजे पुस्तक हातचे सुटतच नाही. ही आवड पोरकट म्हणून झिडकारणे आम्हांस रास्त वाटत नाही. तिचे मूळ शोधावयाचे, तर ट्रान्सिल्व्हेनियास जाण्याचेही कारण नाही. हिंगोलीपर्यंत गेले तरी पुरे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आमचा वेताळ रक्त पीत नाही. गावाबाहेर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपाने तो राखण करतो, आणि कथेत विक्रमाच्या खांद्यावर बसून न्यायाचे प्रश्न घालतो. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त त्याच्या कथा आहेत. रिचर्ड बर्टनने १८७० साली त्या इंग्रजीत मांडताना वेताळास ‘व्हँपायर’ म्हटले, आणि एका बुद्धिवान पिशाचास विनाकारण रक्ताचा डाग लागला. खरा व्हँपायर बाल्कन प्रदेशातला. १७२५ व १७३२ साली सर्बियातील खेड्यांत गावकऱ्यांनी थडगी उकरली. तो प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तेथील अधिकाऱ्यांनी व लष्करी शस्त्रवैद्यांनी त्याचे अहवाल लिहिले आणि ते युरोपभर चवीने वाचले गेले. पुढे १८१९ साली पोलिडोरीची कथा आली, १८९७ साली ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला. तात्पर्य, हे पिशाच कादंबरीत शिरले ते सरकारी दप्तराच्या दाराने.

आता हिंगोलीकडे वळू. १९९९ साली परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा. नरसीमुळे नामदेवांचा, औंढ्यामुळे नागनाथाचा. परंतु एकोणिसाव्या शतकात हिंगोलीस निजामाच्या फौजेची मोठी छावणी होती, आणि इंग्रज अंमलदार तेथे असत. निजामाच्या चाकरीत असलेला फिलिप मेडोज टेलर हा त्यांपैकी एक. त्याने १८३९ साली ‘ठगाची कबुली’ या अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रास्ताविकात त्याने छावणीतील जी हकीकत दिली आहे, ती कादंबरीहून भयंकर आहे.

हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी हिंगोलीत राहत असे. इतरांप्रमाणे टेलरचाही त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. एकदा मुंबईहून कापड आणावयाचे आहे, असे सांगून त्याने अधिकाऱ्याकडून परवाना घेतला. वस्तुतः ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व गुराख्यांस वाटेतच ठार केले, आणि त्याच परवान्यावर तो माल हिंगोलीत आणून उघड विकला. हा गृहस्थ ठगांचा म्होरक्या होता. छावणीच्या बाजारातच, पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याच्या टोळीने कित्येक वाटसरूंचे गळे आवळले होते. पुढे माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांनी एकेक जागा दाखविली, आणि प्रेते उकरली जात असता टेलर स्वतः तेथे उभा होता.

सर्बियातील थडगी आणि हिंगोलीतील हे खड्डे यांत आम्हांस एक विलक्षण साम्य दिसते. दोन्हीकडे माती उकरणारे हात गावचे, आणि टिपण करणारी लेखणी परक्या राज्यकर्त्यांची. त्या टिपणांतून दंतकथा वाढली, आणि दंतकथेतून कादंबरी. ठगांची दंतकथाही रक्ताशीच निगडित आहे. रक्तबीजाच्या प्रत्येक थेंबातून नवा असुर उपजू लागला, तेव्हा देवीने आपल्या घामातून दोन पुरुष निर्माण केले आणि रक्त न सांडता मारण्यासाठी त्यांस रुमाल दिला, अशी ती कथा. व्हँपायर रक्तावाचून जगत नाही. ठग रक्ताचा थेंब सांडू देत नाही.

तथापि दोहोंची खरी मोहिनी रक्तात नाही, आमंत्रणात आहे. घरातील कोणी बोलाविल्यावाचून ड्रॅक्युलास उंबरठा ओलांडता येत नाही. ठगही अंगावर धावून येत नसे. गोड बोलून तो सोबती होई, आणि एकट्याने जाण्यास भिणारा वाटसरू आपण होऊन त्याच्या मेळ्यात सामील होई. ज्याच्यावर विश्वास टाकला, तोच काळ ठरला, हे भय कोणत्याही युगात जुने होत नाही. टेलरने तर कथा स्वतः ठगाच्याच तोंडी घातली आहे. त्याचा अमीर अली सातशेंवर खून निर्विकारपणे सांगतो, आणि वाचक त्याच्याबरोबर मजल दरमजल चालू लागतो. कादंबरीकारानेही आपणांस तसेच बोलावून नेलेले असते!

येथेच सुज्ञ वाचकाने थबकले पाहिजे. ठगांविरुद्धचा पुरावा बहुतांशी माफीच्या साक्षीदारांचा होता, आणि जीव वाचविण्यासाठी बोलणारा मनुष्य ऐकणाऱ्यास रुचेल ते सांगतो. म्हणूनच ठगांचा देशव्यापी, वंशपरंपरागत, देवीस वाहिलेला पंथ खरोखर होता काय, याविषयी अलीकडील इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. हिंगोलीतील प्रेते खरी होती. त्यांवर रचलेला सिद्धान्त तितकाच खरा होता, असे म्हणवत नाही. पण कायदा शंकेसाठी थांबला नाही. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गुन्ह्यास जन्मठेप आली. गुन्हेगारी रक्तातून उतरते ही समजूत दृढ होत गेली, आणि १८७१ साली संपूर्ण जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला. त्या जमातींची त्यातून मुक्तता झाली ती १९५२ साली. ज्यांनी कोणाच्या गळ्याला हात लावला नव्हता, अशांच्या तीन-चार पिढ्यांनी पोलिसांच्या हजेरीत आयुष्य काढले. रक्ताची दंतकथा कादंबरीत निरुपद्रवी असते. सरकारी दप्तरात शिरली, म्हणजे ती खरोखर माणसांचे रक्त पिऊ लागते.

म्हणून अशा कादंबऱ्या वाचू नयेत काय? आमचे मत तसे नाही. त्या अवश्य वाचाव्या, दिवेलागणीनंतर वाचाव्या. मात्र पुस्तक मिटताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. हरिसिंगाचे नाव आज आपणांस ठाऊक आहे. त्या कापडवाल्याचे नाव टेलरने दिलेले नाही. वेताळाने विक्रमास विचारावा असा हा प्रश्न आहे: या दोघांपैकी कथा कोणाची? आम्हांस तरी उत्तर एकच दिसते. कथा ठगाची झाली. इतिहास त्या व्यापाऱ्याचा व्हावयास हवा.