जिवाची मुंबई आणि पोटाची मुंबई : प्रवास, सुटी व श्रम यांच्या इतिहासाची एक बाजू

प्रास्ताविक

मराठीत ‘जिवाची मुंबई करणे’ असा वाक्प्रचार आहे. गावाकडच्या माणसाने चार पैसे गाठीला बांधून मुंबई गाठावी, हौसमौज करावी आणि डोळे भरून शहर पाहावे, असा त्याचा आशय. परंतु मुंबईत येणाऱ्या बहुसंख्य मराठी माणसांनी ती जिवासाठी नव्हे, तर पोटासाठी गाठली. एकाच शहराकडे जाणाऱ्या या दोन वाटा आहेत आणि इतिहासलेखनाने त्यांचा विचार सहसा वेगवेगळाच केला आहे. पर्यटनाचा इतिहास हॉटेले, जहाज कंपन्या आणि प्रेक्षणीय वास्तू यांच्या आधारे लिहिला जातो; कामगारांचा इतिहास संप, वेतन आणि संघटना यांच्या आधारे. प्रस्तुत निबंधात या दोन्ही वाटा एकत्र पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या जीवनात ‘प्रवास’ या शब्दाचा अर्थ काय होता आणि शहर पाहावयास आलेल्या पाहुण्याच्या नजरेत या कामगाराचे स्थान कोणते होते, हे येथे मुख्य प्रश्न आहेत.

पाहुण्याची नजर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, म्हणजे १८५९ मध्ये, लंडनच्या मरे या प्रकाशनसंस्थेने एडवर्ड ईस्टविक याची हिंदुस्थानविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या भागात मद्रास आणि दुसऱ्या भागात मुंबई इलाख्याचे वर्णन आहे. प्रवासी, लष्करी अधिकारी आणि सनदी नोकर हा तिचा वाचकवर्ग असल्याचे शीर्षकातच नमूद केले असून देशी भाषांतील शब्दसंग्रह व संभाषणेही तिला जोडली होती. राज्यकर्त्याचा दौरा आणि प्रवाशाची सहल या दोहोंतील सीमारेषा तेव्हा किती पुसट होती, हे यावरून कळते.

१८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. एका शहराची साद्यंत हकीकत सांगणारा हा मराठीतील आद्य ग्रंथ. माडगांवकर मुंबईचे रहिवासी होते. त्यामुळे त्यांचे शहर देवळे, बाजार, जातीजमाती, कारखाने आणि उद्योगधंदे यांनी गजबजलेले आहे. ईस्टविकचा वाचक शहरातून पुढे जाणारा आहे, तर माडगांवकरांच्या वाचकाला शहराशी संबंध जोडावयाचा आहे. हा फरक केवळ भाषेचा नाही.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. त्यानंतर मुंबई युरोपीय प्रवाशाचे पहिले पाऊल ठेवण्याचे ठिकाण बनली. टॉमस कुक याची पहिली जगप्रदक्षिणा (१८७२-७३) हिंदुस्थानातूनच गेली. या पाहुण्यांनी जे लिहिले त्यात मार्क ट्वेनचे ‘फॉलोइंग द इक्वेटर’ (१८९७) विशेष दखलपात्र आहे. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत होता. हॉटेलात एका जर्मन गृहस्थाने देशी नोकराच्या थोबाडीत मारल्याचा प्रसंग त्याने नोंदविला आहे आणि आपल्या बालपणी पाहिलेली अमेरिकेतील गुलामगिरी त्याला त्या क्षणी आठवली, हेही प्रांजळपणे सांगितले आहे. रात्री समारंभाला जाताना रस्त्याच्या दुतर्फा चादरी पांघरून झोपलेली शेकडो माणसे पाहून आपण मृतांच्या नगरीतून जात आहोत असा भास त्याला झाला. त्याच वर्षी पुढे शहरात प्लेग आला आणि हा भास वेगळ्याच अर्थाने खरा ठरला. मात्र ही माणसे मृत नव्हती. ती दिवसभर राबून थकली होती. एका खोलीत अनेकांनी राहावयाचे, तेव्हा उन्हाळ्यात व कोरड्या हवेत रस्ता हाच घराचा विस्तार होता. ट्वेनइतका संवेदनशील लेखकही त्यांना दृश्य म्हणूनच पाहू शकला, त्यांची पाळी पहाटे किती वाजता सुरू होते हे त्याला विचारता आले नाही.

रविवारचा प्रश्न

शहर पाहण्यासाठी पैशाआधी वेळ लागतो. कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाल्यापासून जवळजवळ साडेतीन दशके मुंबईच्या कामगाराला साप्ताहिक सुटीचा हक्क नव्हता. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. ज्या गिरण्या रविवारी बंद ठेवल्या जात, तेथेही यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस बोलावीत. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मोकळा मिळावा, असे त्यांनी मांडल्याचे सांगतात. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला वैधानिक आधार दिला. मुंबईतील लोकपर्यटनाचा आरंभ शोधावयाचा तर तो हॉटेलांच्या उद्घाटनात नव्हे, तर या तारखेत शोधावा लागेल. (कामाचे तास मात्र या सुटीने कमी झाले नाहीत. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली.)

गिरण्यांना लागूनच भायखळ्याचा राणीचा बाग होता. तो १८६२ मध्ये, तर तेथील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी या संग्रहालयात मुंबईतील विविध जमाती व व्यवसाय दाखविणाऱ्या मातीच्या प्रतिमा तयार करण्यात आल्या. आजही त्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहावयास मिळतात. रविवारी बागेत आलेल्या कामगाराला काचेच्या कपाटात आपल्यासारखाच, पण वीतभर उंचीचा माणूस दिसत असे. प्रेक्षक आणि प्रदर्शित वस्तू यांची अशी गाठ अन्यत्र क्वचितच पडली असेल.

पुढे गेटवे ऑफ इंडिया (१९२४), तारापोरवाला मत्स्यालय (१९५१), कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट (१९५२) यांची भर पडून गावाहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुंबईदर्शनाचा एक ठरावीक क्रम सिद्ध झाला. या पाहुण्यांचा वाटाड्या म्हणजे बहुधा खोलीतील गिरणी कामगारच. त्याने आपला आठवड्याचा एकमेव मोकळा दिवस देऊन मामा-मावशीला राणीचा बाग दाखवावयाचा, ट्रामचे तिकीट आपण काढावयाचे आणि सोमवारी पहाटे भोंग्याबरोबर उठावयाचे. पाहुण्यांची जिवाची मुंबई अशा रीतीने चाकरमान्याच्या पोटाच्या मुंबईवर उभी होती. घरातल्या स्त्रीला तर हा रविवारही पूर्ण मिळत नसे. पाहुण्यांचा स्वयंपाक त्याच दिवशी असे.

गावची वाट

कामगाराचा स्वतःचा प्रवास मात्र शहर पाहण्याचा नव्हता. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर पाच रहिवाशांपैकी चारांहून अधिक जण शहराबाहेर जन्मलेले आढळले आणि बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतील माणसे घाट उतरून आली. अण्णा भाऊ साठे यांचे कुटुंब वाटेगावहून पायी चालत मुंबईस आले, हे सर्वज्ञात आहे. कोकणातील माणूस भाऊच्या धक्क्यावर उतरे. पावसाळ्यात खुल्या समुद्रातील बोटी बंद असत आणि तेव्हा दक्षिण कोकणात जाणे म्हणजे घाटावरून वळसा घालणे. बंदराजवळच्या फेऱ्याही निर्धोक नव्हत्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील त्या दिवसांत ही दुर्घटना वृत्तपत्रांतून मागे पडली असली, तरी कोकणातील गावांच्या आठवणीत ती आजही ‘रामदास’ या एकाच शब्दाने ओळखली जाते.

शिमगा, गणपती, लग्नसराई आणि पेरणी यांसाठी कामगार गावी जाई. ही रजा बिनपगारी असे. पगार थकवून ठेवण्याची गिरण्यांची पद्धत असल्याने निघताना हाती पुरेसे पैसेही नसत. आपल्या जागी ‘बदली’ द्यावा लागे आणि परतल्यावर साचा मिळेल की नाही, हे जॉबरच्या मर्जीवर ठरे. या बदलीव्यवस्थेवर नियंत्रण आणण्याची योजना गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये आखली. पगारी रजेसाठी १९४५ ची कायदादुरुस्ती उजाडावी लागली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा हे प्रमाण ठरविले.

मालकवर्गाने या गावजाण्याचा अर्थ गैरहजेरी असा लावला. कामगार अद्याप मनाने शेतकरीच आहे, औद्योगिक शिस्त त्याच्या अंगी मुरलेली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. अनेक अभ्यासकांनीही तो कमीअधिक प्रमाणात स्वीकारला. व्हिटले आयोगाने (१९२९-३१) मात्र गावाशी असलेला संबंध हे बलस्थान मानून तो नियमित करावा, अशी शिफारस केली. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते गावाशी नाते टिकविणे हे मागासलेपणाचे लक्षण नसून शहरात टिकून राहण्याची ती एक रीत होती. बेकारी, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण या सर्वांचा भार गाव उचलत असे. म्हणजेच जो खर्च गिरणीने करावयास हवा होता, तो गावातील शेती आणि तेथे मागे राहिलेली स्त्री करीत होती.

हे विवेचन संपांच्या इतिहासाशी जोडून पाहिले की त्याचे महत्त्व स्पष्ट होते. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने चालला. एवढा काळ कामगार शहरात काय खाऊन राहिला, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे त्यांतील पुष्कळ जण शहरात नव्हतेच. ते गावी गेले होते. गावी जाता येणे हे कामगाराचे एक सामर्थ्य होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपातही हीच वाट पुन्हा वापरली गेली. फरक एवढाच, की या वेळी गेलेल्यांपैकी अनेकांना परत येण्यास गिरणी उरली नाही.

गिरणगावात या प्रवासाने स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली मंडळाची खोली, भिंतीवर टांगलेल्या ट्रंका, पाळीनुसार आळीपाळीने झोपण्याची रीत आणि जेवणासाठी खानावळवाली बाई, ही त्यांतील प्रमुख. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ या खानावळवाल्यांचेच. ज्या श्रमावर हे सारे चाले, त्या श्रमाची कारखाना कायद्यात कोठेही नोंद नव्हती.

मध्यमवर्गीय नोकरदाराचा प्रवास याच काळात निराळ्या दिशेने गेला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत १९५६ मध्ये मिळाली. १९६० मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आले आणि मराठी वाचक घरबसल्या युरोप फिरून आला. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत देशाला गेले. त्यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ हे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेल्या माणसाने लिहिलेले प्रवासवर्णन. मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत त्याला मिळालेली जागा त्याच्या योग्यतेच्या मानाने अपुरी आहे.

बंद गिरणीचे दर्शन

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करावयाचे होते : एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती मर्यादित केली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आणि पंचतारांकित हॉटेल उभे राहिले, चिमणी तेवढी राखली गेली. आज शहर पाहावयास येणारा पाहुणा तेथे आवर्जून जातो. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या मौखिक कथनांत याच चिमण्यांखालचे खाते, साचे, कापसाची तंतू आणि खोकला आहे. चिमणीजवळ उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला यातले काही सांगणारा फलक दिसणे ही वारसा जतनाची किमान अट मानावयास हरकत नसावी. कामगारांच्या घरांसाठी पहिली सोडत जून २०१२ मध्ये निघाली, ती ६,९२५ घरांची. अर्जदार घरांहून कितीतरी अधिक होते.

काम चालू असतानाच ते प्रेक्षणीय ठरण्याचे उदाहरण म्हणजे डबेवाले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, मुळशी या तालुक्यांतील ही माणसे १८९० पासून मुंबईत डबे पोहोचवीत आली. नोव्हेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी त्यांची चर्चगेट स्थानकाजवळ भेट घेतली, ती डबे वेळेवर पोहोचण्यात खंड पडू नये अशा बेताने. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत त्यांची व्याख्याने होऊ लागली आणि परदेशी पाहुणे स्थानकाबाहेर कॅमेरे घेऊन थांबू लागले. मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या बंद झाल्या आणि डबेही थांबले. पाहुणे नव्हते, कचेऱ्या बंद होत्या. डबेवाल्यांपैकी बहुतेकांनी तेव्हा तीच जुनी वाट धरली. ते मावळात, मुळशीत, खेडला आपापल्या शेतावर गेले.