हॉट ब्राऊन : एक उघडं सँडविच आणि पंगतीचा प्रश्न

आज आपल्याला एका सँडविचबद्दल बोलायचं आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठी लुइव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या ब्राऊन हॉटेलात १९२६ साली फ्रेड श्मिट या मुख्य आचाऱ्याने एक पदार्थ तयार केला. भाजलेल्या पावावर टर्कीचे काप, त्यावर चीजचा दाट सॉस, वरून धग देऊन आणलेला लालसर रंग, आणि शेवटी बेकनच्या कुरकुरीत पट्ट्या. याचं नाव ‘हॉट ब्राऊन’. तपकिरी रंगाशी या नावाचा संबंध नाही. जेम्स ग्रॅहम ब्राऊन या लाकडाच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या मालकाचं ते आडनाव.

कोणत्याही पदार्थाला आम्ही तीन प्रश्न विचारतो. तो कोणासाठी केला? त्यातल्या वस्तू कुठून आल्या? आणि तो खायला कोणाला बसू दिलं, कोणाला नाही? तिसरा प्रश्न बहुधा राहून जातो. आज तो राहू द्यायचा नाही.

आधी पक्ष्यापासून सुरुवात करू. टर्की मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या परिसरातल्या लोकांनी तो स्पॅनिश माणसं येण्याच्या कितीतरी शतकं आधी पाळीव केला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो युरोपात पोचला आणि नावांचा गोंधळ सुरू झाला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवलं, फ्रेंचांनी हिंदुस्थानचा, आणि पोर्तुगीज भाषेत तो झाला ‘पेरू’. आपण तिखटमीठ लावून खातो त्या पेरूचा इथे काही संबंध नाही बरं का! तीन भाषा, तीन देश, आणि तिन्ही चुकीचे.

पोर्तुगिजांमुळे हा पक्षी गोव्यालाही आला. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून दुर्मीळ वस्तू घेऊन दरबारात आला, त्यात एक टर्की होता. बादशहा इतका चकित झाला की त्याने आपल्या आठवणींत त्याचं वर्णन लिहून ठेवलं. पक्ष्याच्या डोक्याचे आणि मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, हे त्याने नेमकं टिपलं. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अमेरिकेत मात्र हा सणाचा पक्षी. लिंकनने १८६३ साली आभारदिनाची राष्ट्रीय घोषणा केली, पुढे १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का झाला. त्या दिवशी अख्खा टर्की भाजायचा आणि उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी पावावर घालून, वर गरम रस्सा ओतून संपवायचं, ही घरोघरची रीत. शिळ्या पोळीचा कुस्करा आपल्याकडे ज्या बुद्धीतून आला, तीच ही बुद्धी.

आता सँडविच म्हणजे काय? अठराव्या शतकातल्या सँडविचच्या चौथ्या अर्लचं नाव याला मिळालं आणि इतिहासकार गिबनच्या १७६२ सालच्या रोजनिशीत हा शब्द आढळतो. दोन पावांमध्ये काहीतरी, हात न माखता खाता येईल असं, ही ढोबळ व्याख्या. आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे जे दोष सांगितले ते इथे लावून बघा. ‘दोन पाव हवेतच’ म्हटलं तर हॉट ब्राऊन बाहेर पडतं. ही अव्याप्ती. ‘एक पाव चालेल’ म्हटलं तर पिझ्झाही आत शिरतो. ही अतिव्याप्ती. हसू नका, २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये बरीटो हे सँडविच आहे का, यावर खरोखर खटला चालला आणि न्यायाधीशांनी नाही म्हणून निकाल दिला.

आम्हाला विचाराल तर उघड्या सँडविचचं कूळ अर्लच्याही मागे जातं. मध्ययुगीन युरोपात शिळ्या पावाची जाड चकती ताट म्हणून वापरत आणि तिच्यावर मांस नि रस्सा वाढत. पुढे इंग्लंडात भाजलेल्या पावावर वितळलेलं चीज ओतून खाणं आलं, त्याला ‘वेल्श रॅबिट’ म्हणत. नावात ससा आहे, पदार्थात नाही. हॉट ब्राऊन या घराण्यातलं.

आता १९२६ च्या रात्री. हॉटेल १९२३ साली उघडलं होतं, सोळा मजल्यांचं. देशात दारूबंदी चालू होती, आणि केंटकी तर बर्बन व्हिस्कीचं राज्य! तरीही रात्रीचं जेवण आणि नाच यांसाठी हॉटेलात बाराशेहून अधिक पाहुणे जमत, असं हॉटेलच सांगतं. मध्यरात्र उलटली की नाचून दमलेल्या लोकांना भूक लागे आणि त्यांच्यापुढे येत हॅम आणि अंडी. रोज तेच खाऊन लोक कंटाळले. श्मिटने काय केलं? सणाचा पक्षी रोजच्या रात्रीत आणला आणि उरलंसुरलं संपवण्याच्या घरगुती युक्तीला फ्रेंच सॉसचा पोशाख चढवला.

त्या सॉसचं नाव मॉर्ने. तो घरी करता येतो आणि करावा, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. दोघांपुरतं प्रमाण असं : साधारण ५५ ग्रॅम लोणी, तेवढाच मैदा, एक कप दूध, एक कप दाट क्रीम, अर्धा कप किसलेलं पेकोरिनो रोमानो चीज, चिमूटभर जायफळ. लोणी वितळवून त्यात मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परतायचा. कच्चा वास जायला हवा, पण रंग बदलायला नको. मग दूध-क्रीम थोडंथोडं घालत सतत ढवळायचं. पिठलं करताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून हात जसा चालतो, तसाच. दाटसर झालं की भांडं खाली उतरवायचं आणि मगच चीज घालायचं. उकळत्या सॉसात चीज टाकलं की त्यातली प्रथिनं आकसतात, तूप सुटतं आणि सॉस फाटतो. मैद्यातला स्टार्च हे बऱ्याच अंशी रोखतो, पण जाळ मोठा असेल तर त्याचंही काही चालत नाही.

पाव जाड हवा, कडा काढलेला आणि आधी खरपूस भाजलेला, नाहीतर त्याचा लगदा होतो. ओव्हनला सोसेल अशा बशीत पाव ठेवा, त्यावर भाजलेल्या टर्कीच्या छातीचे काप, साधारण चारशे ग्रॅम, बाजूला टोमॅटोच्या फोडी. सॉस सढळ हाताने ओता, वर आणखी थोडं चीज भुरभुरा आणि ओव्हनच्या वरच्या जाळाखाली डाग पडेपर्यंत ठेवा. मग बेकन, पॅप्रिका, पार्सली. टर्की मिळाला नाही तर कोंबडी चालेल. लगेच खा, काट्या-सुरीने. थंड झालं की सॉस थिजतो.

आता राहिलेला तिसरा प्रश्न. त्या बाराशे पाहुण्यांत कोण नव्हतं? लुइव्हिलमध्ये तेव्हा वर्णभेद होता. शहराच्या मध्यवस्तीतली हॉटेलं आणि उपाहारगृहं गोऱ्यांची. कृष्णवर्णीय माणूस तिथे काम करू शके, गिऱ्हाईक म्हणून टेबलाशी बसू शकत नसे. मराठी श्रोत्यांना पंगतीचा हा प्रश्न फोडून सांगायची गरज नाही.

याच मालकाने हॉटेलाशेजारी बांधलेलं ब्राऊन थिएटर होतं. १९५९ च्या डिसेंबरात तिथे ‘पोर्गी अँड बेस’ हा चित्रपट लागला. कथा कृष्णवर्णीयांची, नट कृष्णवर्णीय, आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मात्र तिकीट नाही. एनएएसीपी या संघटनेच्या तरुण शाखेने दारात निदर्शनं केली. १९६१ साली शाळकरी मुलं-मुली मध्यवस्तीतल्या उपाहारगृहांत जाऊन बसू लागली. शेकडोंना अटक झाली. ईस्टरला नवे कपडे घ्यायचे नाहीत, असा बहिष्कार कृष्णवर्णीय कुटुंबांनी पुकारला. १९६३ च्या मे महिन्यात शहराने सार्वजनिक जागांतल्या भेदभावाला बंदी करणारा वटहुकूम केला. राष्ट्रीय कायदा व्हायला आणखी एक वर्ष लागलं. म्हणजे हॉट ब्राऊन जन्मल्यावर ते आपल्याच गावच्या सगळ्या माणसांसाठी कायद्याने खुलं व्हायला सदतीस वर्षं गेली.

पुढे १९७१ साली हॉटेलच बंद पडलं. त्या इमारतीत शाळा-मंडळाची कचेरी भरू लागली, आणि १९८५ साली हॉटेल पुन्हा उघडलं. मधल्या चौदा वर्षांत पदार्थ मेला नाही. शहरातल्या इतर उपाहारगृहांनी आणि घरच्या स्वयंपाकघरांनी तो चालू ठेवला. आज मे महिन्यात डर्बीच्या शर्यतीला येणारे लोक तो आवर्जून मागवतात.

श्मिटला त्याचं श्रेय द्यावं, जरूर द्यावं. पण लोणी-मैदा परतताना एवढं ध्यानात असू द्या, की हा पदार्थ घरातल्या उरलेल्या अन्नातून हॉटेलात गेला आणि हॉटेल बंद असतानाही घरात टिकला. त्याच्या टेबलाशी सर्वांना बसता यावं म्हणून ज्या मुलांनी अटक पत्करली, त्यांचं नाव त्याला नाही. आम्हाला वाटतं, कृती सांगताना त्यांचीही आठवण सांगावी.