विजरईंच्या कमानीवरील हरिण

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या दर्शनास जुन्या गोव्यात गेलेले भाविक दिवाडच्या फेरीकडे जाताना एका कमानीखालून जातात. बहुधा मान वर न करताच. ही विजरईंची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा विजरई असताना १५९९ मध्ये ती उभी राहिली. १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली.

कमानीवर वास्कोचा पुतळा आहे आणि कोरीव हरिणेही आहेत. पोर्तुगीज भाषेत ‘गामा’ म्हणजे हरिणी. आडनावावरून साधलेला हा चित्ररूप श्लेष होय.

घराण्याच्या ढालीवर सोनेरी व तांबड्या चौकटी आहेत. हिंदुस्थानचा जलमार्ग गाठल्याबद्दल राजा मानुएल ह्याने त्या ढालीत पोर्तुगालचे राजचिन्ह घालण्याचा मान वास्कोला दिला. राजचिन्हातील पाच लहान ढाली ह्या प्रभू येशूच्या पाच जखमांचे प्रतीक, असे परंपरा मानते. हेच चिन्ह मिरविणाऱ्या वास्कोने १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसह जाळले, हे विसरून ती ढाल वाचता येत नाही.

कमानीच्या शहराकडील बाजूस तलवारधारी स्त्रीमूर्ती असून तिच्या पायाखाली पगडीधारी पुरुष पडलेला आहे. तीही थांबून पाहावी.