'सु' म्हणजे नक्की कुणाचं?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मेक्सिकोतल्या एका क्लायंटच्या प्रोजेक्टवर होतो. रात्री उशिरा आमच्या एका मोड्यूलमधला बग सापडला आणि स्पॅनिशच्या दोन परीक्षा दिल्याच्या जोरावर मी थेट मेल ठोकली : 'एन्कोन्त्रामोस सु एर्रोर'. माझ्या मते, 'त्याची (म्हणजे मोड्यूलची) चूक सापडली'. दुसऱ्या दिवशी कॉलवर समोरच्या बाई एकदम तुटक. त्यांनी वाचलं होतं, 'तुमची चूक सापडली'!

गंमत म्हणजे व्याकरणात काहीच चुकलं नव्हतं. 'सु' म्हणजे त्याचं, तिचं, त्यांचं आणि तुमचंही. एका अक्षरावर इतकं ओझं कुणी टाकलं, हे शोधायला बसलो तर थेट रोमपर्यंत जावं लागलं.

लॅटिनमध्ये हा घोळ नव्हता. 'सुउस' म्हणजे कर्त्याचं स्वतःचं, 'एइउस' म्हणजे दुसऱ्या कुणाचं. आपल्याकडे नाही का, 'पेद्रोने आपला घोडा विकला' आणि 'पेद्रोने त्याचा घोडा विकला' यात फरक पडतो, तसंच. पुढे बोलीभाषेत 'एइउस' गळून पडला. 'त्यांचं' यासाठी असलेला 'इल्लोरुम' फ्रेंचमध्ये 'लर' आणि इटालियनमध्ये 'लोरो' होऊन टिकला, पण स्पॅनिशने तोही सोडला. सगळा कारभार 'सु'कडे आला. मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये निदान पुल्लिंगी वस्तूला 'सो' आणि स्त्रीलिंगी वस्तूला 'सु' असा भेद होता. तोही पुसला गेला. आता फक्त वस्तू अनेक असल्या की 'सुस' होतं. मालक कितीही असोत, त्याच्याशी संबंध नाही.

इथवर ठीक होतं. पण 'तुमचं' यात कुठून घुसलं?

तर त्याचं कारण आहे अदब. पूर्वी मोठ्या माणसाला 'वोस' म्हणत. 16व्या शतकापर्यंत हा 'वोस' इतका स्वस्त झाला की मानाच्या माणसाला तो खटकू लागला. मग आलं 'वुएस्त्रा मेर्सेद', अर्थात 'आपली कृपा'. 1554 साली छापलेल्या 'लासारिल्यो दे तोर्मेस' या कादंबरीत निवेदक आपली सगळी कहाणी अशाच एका 'वुएस्त्रा मेर्सेद'ला सांगतो. आता 'कृपा' हे नाम, म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी. आपणही समोर बसलेल्या साहेबांनाच विचारतो ना, "साहेबांनी चहा घेतला का?" तोच प्रकार. क्रियापद तृतीयपुरुषी झालं तसं स्वामित्वदर्शक विशेषणही तृतीयपुरुषी झालं, म्हणजे पुन्हा 'सु'!

बोलून बोलून झिजत 'वुएस्त्रा मेर्सेद'चं 17व्या शतकात 'उस्तेद' झालं. म्हणजे 'तुमचं' हा अर्थ ज्या 'वुएस्त्रा'त होता, तो शब्द 'उस्तेद'च्या पोटात विरघळला आणि त्याचं काम 'सु'च्या गळ्यात पडलं. स्पेनमध्ये मित्रमंडळींच्या घोळक्याला उद्देशून 'वुएस्त्रो' अजून चालतो. लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यातून तोही गेला, तिथे सगळ्यांना 'उस्तेदेस'. त्यामुळे मेक्सिकोत 'सु'वर भार आणखीनच जास्त.

लोकांनी उपायही शोधलाय. संदिग्ध वाटलं की सरळ 'दे एल' (त्याचं), 'दे एल्या' (तिचं), 'दे उस्तेद' (तुमचं) असं मागे जोडायचं. 'एल एर्रोर देल मोदुलो' लिहिलं असतं तर माझी सुटका झाली असती.

आपण स्पॅनिशला हसावं अशी परिस्थिती मात्र नाही. मराठीत 'आपली चूक' म्हटलं तर ती स्वतःची, आपल्या सगळ्यांची की समोरच्या सन्माननीय माणसाची? इथेही अदबच आडवी येते.

असो. नंतर मी बाईंची माफी मागितली आणि दुसरी मेल लिहिली : 'नुएस्त्रो एर्रोर', आमची चूक. यात कुठलीच संदिग्धता नव्हती आणि खरं तर पहिल्या मेलमध्येच हे लिहायला हवं होतं.